टोपलीखालचा फोन

त्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं.

नाशिकच्या एका दैनिकात दर रविवारी वाचकांच्या विज्ञानातल्या शंकांना उत्तरं देणारं छोटं सदर मी लिहितो. आभाळ निळं का दिसतं, थंडीत विरजण का लागत नाही, असे प्रश्न येतात. निवृत्त शाळामास्तराला तेवढं झेपतं. प्रश्न बहुतेक मोबाईलवरच येतात. हा मात्र पाकिटातून आला होता, वहीच्या फाडलेल्या पानावर, निफाड तालुक्यातल्या एका गावाहून.

‘सर, मी निकिता. माझे मालक गोरक्ष मोटारसायकलच्या अपघातात गेले. त्यांचा फोन सासूबाईंच्या हातात चालतो, चुलत सासऱ्यांच्या हातात चालतो. माझ्या हातात दिला की बंद पडतो. दर वेळी. सगळे म्हणतात, गोरक्ष माझा हात ओळखतो, कारण मीच त्याला मारलं. आधी मी नाही म्हणायचे. आता मला माहीत नाही. माझ्या हातात काय आहे ते शास्त्राने कळवा. मला कुठल्याच फोनला हात लावू देत नाहीत, म्हणून पत्र लिहिते.’

मी उत्तर लिहायला बसलो तो मायन्यालाच अडलो. ‘सौ.’ लिहिता येत नव्हतं आणि ‘श्रीमती’ लिहायला हात होईना. ते सोडून पुढे लिहिलं, ‘आपल्या हातात काहीही दोष नाही.’ आणि पेन थांबलं. हे मला कशावरून माहीत? फोन बंद का पडतो, हे तरी मला कुठे माहीत होतं? ‘योगायोग’ हा शब्द लिहून पाहिला. पण जे दर वेळी होतं त्याला योगायोग म्हणत नाहीत, हे मीच मुलांना शिकवत आलो होतो. कागद फाडला. दुसरा घेतला. तोही फाडला.

“उत्तर येत नसेल तर जाऊन बघा की,” आमच्या सौ. भिमाबाई म्हणाल्या. “त्या पोरीनं काय तुम्हाला आभाळाचा रंग विचारलाय?”

“मी जाऊन काय बोलणार? मला चार माणसांत बोलता येत नाही.”

“चाळीस पोरांच्या वर्गात बोलत होतात ना?”

“ती पोरं होती.”

“मग ही कोण आहे?”

म्हणून मी गेलो.

जानेवारी होता. निफाडच्या पुढे रिक्षा मिळाली तेव्हा दिवस नुकता उजाडत होता. द्राक्षांच्या बागांमधून शेकोट्यांचा धूर जमिनीसरशी पसरला होता. मणी थंडीने तडकू नयेत म्हणून लोक पहाटेपासून बागा शेकत होते. निकिताच्या सासूच्या, बयाबाईंच्या, घराचा पत्ता विचारावा लागला नाही. गाड्याच सांगत होत्या. येवल्याच्या, नांदगावच्या, देवळ्याच्या जीपा रस्त्याच्या कडेला लागलेल्या.

ओसरीवर वेताच्या टोपल्या ओळीने पालथ्या घातल्या होत्या. प्रत्येक टोपलीच्या भोकांतून दिव्याचा उजेड झिरपत होता. लांबून पाहिलं तर कोणी अंगणात कंदील मांडलेत असं वाटावं. जवळ गेल्यावर कळलं: प्रत्येक टोपलीखाली एक दिवा, पसरलेलं पीठ आणि एक मोबाईल. मेलेल्या माणसाचा मोबाईल.

शेजारी उकिडव्या बसलेल्या एका म्हातारीने मला जागा करून दिली. तिचं नाव कुसाबाई. “तुमचं कोन गेलं?” तिने विचारलं, जसं रेशनच्या रांगेत विचारतात तसं.

“कोणी नाही. बघायला आलो.”

“माझा नातू गेला. हिरीत पडला गेल्या साली.” तिने एका टोपलीकडे बोट केलं. “त्यो तिथं हाय. आता लय मंद झालाय हो. आधी बोट लावलं की खटकन उघडायचा. आता बोट लावा, मग किती तरी येळानं उघडतो. हितले भिकनबाबा म्हनले, पोरगं दमलंय. आत कोंडून घाबरं झालंय. ऊब दिली की बोलतंय.”



हे सगळं सुरू कसं झालं ते मला पुंजानाना नावाच्या गृहस्थांनी अभिमानाने सांगितलं. ते गोरक्षचे चुलते. त्यांच्याकडे माणूस गेला की दहाव्याच्या आदल्या रात्री त्याच्या जागेवर पीठ पसरतात, दिवा ठेवतात, वर टोपली झाकतात. सकाळी पिठावर जे पाऊल उमटलेलं दिसेल त्या जन्माला तो गेला असं समजतात. डिसेंबरात गोरक्ष गेला. धुकं होतं, उसाच्या ट्रॉलीला मागून धडकला. फोन रस्त्याकडेला पडलेला सापडला, पण चालू होईना. लावला की कंपनीचं नाव उमटायचं आणि विझायचं. आईने, बयाबाईंनी, दहाव्याच्या आदल्या रात्री तो फोन दिव्याशेजारी ठेवला. पोराचा जीव त्यात होता म्हणून. सकाळी टोपली उचलली, बटण दाबलं आणि फोन लागला! वर गोरक्षचा हसरा फोटो, कडेवर लेक.

“अख्खं घर रडलं, सर. मग ह्या निकितानं हातात घेतला. अंगनात नेला, त्याचा काही व्हिडिओ लावाया गेली. फट! बंद. तिथंच आमाला शंका आली.”

“आणि बाबा कधी आले?”

“तेराव्याला. आपनहून आले. नाशकात व्हते म्हनं, साधनेला.”

पिठावर कुठलं पाऊल उमटलं होतं, असं मी विचारलं. पुंजानाना थोडे अडखळले. “ते काही बघायचं राहिलं,” म्हणाले.

एवढ्यात भिकनबाबा ओसरीवर आले. वय पस्तिशीचं. भगव्या लुंगीवर चेन लावलेलं जाकीट, आणि गालापाशी आलेला तारेचा माईक.

“बंधूंनो, मातांनो! शरीर म्हणजे काय? कव्हर! आत्मा म्हणजे काय? मेमरी! कव्हर फुटलं म्हणून मेमरी गेली का?”

“नाय!” अंगण म्हणालं.

“सिम काढलं म्हणून नंबर मेला का?”

“नाय!”

“मग गोरक्ष मेला का?”

यावर कोणी ओरडलं नाही. फक्त पहिल्या रांगेतल्या एका बाईच्या घशातून एक आवाज आला. त्या बयाबाई होत्या. सगळी चेष्टा माझ्या तोंडातच सुकली.

बाबांनी पहिली टोपली उचलली. कोमट फोन बयाबाईंच्या हातात दिला. “फोटो बघ, आई.” त्यांनी पाहिला. फोन चालला. पुंजानानांच्या हातात दिला. चालला. मग बाबा म्हणाले, “आता कौल.”

निकिताला पुढे आणलं. हौदाच्या पाण्याने डोक्यावरून आंघोळ घातलेली, ओल्या लुगड्यात दात वाजत होते. तिची लेक, पाचेक वर्षांची मनाली, आजीच्या पदराला धरून उभी होती. बाबांनी फोन ‘दोष उतरवायला’ अंगणातल्या पितळी ताटात ठेवला. ताट रात्रभर दवात पडलेलं होतं. वर गार पाण्यातून पिळलेलं फडकं टाकलं आणि मंत्र सुरू केला. मंत्र बराच वेळ चालला. हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं. पाहिलं आणि मला काहीच समजलं नाही.

“घे. कॅमेरा लाव. लाईटसकट. पोरीचा फोटो काढ. बापाला पोर बघू दे.”

मी उठलो. कसा उठलो देव जाणे, असं म्हणायची सोय मला नाही. “थांबा. हे... याला काहीतरी दुसरं कारण असू शकेल.”

“कोन म्हनायचं आपण?”

“मी जयराम. शिक्षक आहे. होतो.”

“होता!” बाबा माईकमधून म्हणाले, आणि लोक हसले. “या सर. तुमी शिकलेले. तुमच्याच हातानं द्या तिला. टक्के वाचून दाखवा. नंतर म्हनू नका चार्जिंग नव्हतं.”

मी फडकं काढलं, फोन उचलला. शेहेचाळीस टक्के. मोठ्याने वाचलं. निकिताच्या हातात दिला. तिने माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की जणू उत्तर आता मिळणारच. कॅमेरा उघडला. बोट लावलं. दिवा चमकला, आणि पडदा काळा झाला.

अंगण गरजलं. बयाबाईंनी मनालीला ओढून घेतलं. बाबांनी दोन्ही हात वर केले. “सरांच्या हातानं! शास्त्राच्या हातानं कौल लागला! आता अवसेला शेवटचा. त्या दिवशी ही माहेरी जाईल. गोरक्षचं रक्त इथंच राहील.”

म्हणजे मनाली.

फाटकापाशी निकिता मला भेटली. अंगावर कोणीतरी घोंगडी टाकली होती. “मी पत्र टाकलं होतं. तुम्हीच का ते?”

“हो.”

“ते गाडीवर होते, सर. मी फोन केला. भांडत होते मी. बोलता बोलता आवाज झाला मोठा. मग नुसता वारा ऐकू येत होता.” तिने घोंगडी ओढून घेतली. “मला वाटलं होतं, दुसऱ्या कोणी हातात दिला तर चालेल. तुमच्या हातून पण तेच झालं.”

मी तिच्यासाठी गेलो होतो आणि तिच्या उरल्यासुरल्या शंकेचंही खात्रीत रूपांतर करून आलो होतो. परतीच्या बसमध्ये खिडकीची काच लागत नव्हती. मी ती लावायचा प्रयत्नही केला नाही.

त्यानंतर काही दिवस मी फक्त फिरायला जायचो. नाशिकरोडच्या आमच्या कॉलनीमागच्या मैदानावर सकाळी बोचरा वारा असतो. एका सकाळी बाकावर फोन ठेवून बसलो होतो. समोर तारेवर वेडे राघू रांगेत, एकमेकांना चिकटून बसलेले दिसले. फोटो घ्यावा म्हणून फोन उचलला, कॅमेरा लावला. पडदा काळा.

बेचाळीस टक्के होते. मी नुकतेच पाहिले होते.

मी तो स्वेटरच्या आत, बंडीला लागून ठेवला आणि घरी आलो. दारात बटण दाबलं. फोन लागला. एकेचाळीस टक्के.

मी दारातच उभा राहिलो. “अहो, आत या, हवा येतेय,” भिमाबाई ओरडल्या.

त्या दिवशी आमच्या फ्रीजमध्ये काय काय गेलं ते त्या अजून लोकांना सांगतात. माझा जुना फोन. लेकीचा नवा फोन, तिच्या विरोधाला न जुमानता. कपाटातला, पडून राहिलेला त्याहून जुना एक.

“मोबाईल फ्रीजमध्ये? मग दही कुठं ठेवू? कपाटात?”

“थोडा वेळ फक्त.”

“शेजारच्यांना कळलं तर म्हणतील मास्तरांना वेड लागलं.”

नवा फोन गारठूनही कॅमेऱ्याला दाद देत होता. जुने दोन्ही गारठल्यावर साधा फोटो दाखवायचे, रडतखडत, पण कॅमेरा आणि लाईट लावला की मान टाकायचे. तेच उन्हात ठेवून कोमट केले की सरळ. मी पुन्हा केलं. पुन्हा तेच. मग ग्रंथालयातून आणलेलं आणि लेकीने मोबाईलवर काढून दिलेलं जे मिळेल ते वाचलं. बॅटरी वापरून वापरून म्हातारी होते. तिच्यात साठा असतो, पण तो झपकन देण्याची ताकद उरत नाही. थंडीत ती आणखी कमी होते. फोनने एकदम जास्त मागितलं, जसं कॅमेरा, लाईट, व्हिडिओ, किंवा बंद फोन सुरू होतानाचा जोर, की विजेचा दाब घसरतो आणि फोन स्वतःला बंद करून घेतो. काही फोन तर असं होऊ नये म्हणून स्वतःच आपला वेग कमी करतात. कुसाबाईंचा नातू दमलेला नव्हता. त्याच्या फोनची बॅटरी दमली होती.

हे वाचून मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. कारण आता मला हे त्या अंगणात सांगायचं होतं, आणि मागच्या वेळी मी सांगायला उठलो तेव्हा काय झालं ते मी पाहिलं होतं. भाषण लिहून काढलं. आरशासमोर म्हणून पाहिलं. दुसऱ्याच वाक्याला माझाच माझ्यावर विश्वास बसेना.

“बोलू नका,” भिमाबाई म्हणाल्या. “तुम्हाला बोलता येत नाही. मला जसं फ्रीजपाशी दाखवलंत तसं दाखवा.”

अमावास्येच्या सकाळी मी पुन्हा त्या ओसरीसमोर उभा होतो. गर्दी दुप्पट. निकिताची पिशवी फाटकाशी बांधून ठेवलेली दिसली. तिचा भाऊ आला होता. खाली मान घालून उभा होता. बाबा अजून सुरू व्हायचे होते. मी थेट ओसरीच्या पायरीशी गेलो आणि माझा फोन पुढे केला.

“याचा कौल लावा.”

“कोनाचा हाय हा?”

“माझा.”

“तुमचा म्हंजी तुमच्या कोनाचा? वडलांचा?”

“माझाच. मी जिवंत आहे. माझा कौल लावा.”

अंगणात कोणी तरी फिस्स करून हसलं. मग आणखी चारजण हसले.

“सर, जिवंताचा कौल लागत नाय,” बाबा गोड आवाजात म्हणाले.

“का? मेमरी तर आहे. कव्हरही आहे.”

“लावा ना बाबा,” पुंजानाना म्हणाले. त्यांना करमणूक वाटली असावी. “मास्तर एवढ्या लांबून दुसऱ्यांदा आलेत. बघू तरी.”

लोकांना उत्सुकता लागली की ती बुवालाही थांबवता येत नाही. ती त्यानेच लावलेली सवय असते. माझा फोन दिव्याशेजारी टोपलीखाली गेला. बराच वेळ मी थंडीत उभा राहिलो. मग टोपली उचलली. मी म्हणालो, पहिल्यांदा बयाबाईंच्या हातात. त्यांनी नाइलाजाने घेतला. आमच्या नातवाचा फोटो उघडला. चालला.

“आता दोष उतरवा,” मी म्हणालो.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. आता त्यांना कळलं होतं. पण पुंजानानांनीच फोन ताटात ठेवला होता आणि कोणीतरी पोराटोरांसारखं हौसेने गार फडकंही टाकलं होतं. “मंत्र म्हना, बाबा,” मागून एक बाई म्हणाली. बाबांनी दोन ओळी म्हटल्या. “पुरा म्हना की!” पुरा म्हणावा लागला.

मी फडकं काढलं. टक्के पुंजानानांना वाचायला लावले. पंचेचाळीस. कॅमेरा लावला, लाईट लावला, आणि फोन त्यांच्याकडे वळवून बोट दाबलं.

बंद.

मी म्हणालो, “म्हणजे मी मला मारलं का?”

अंगण हसलं. मागच्या वेळी माझ्यावर हसलं होतं तसं नाही, मोकळं. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. कुसाबाईसुद्धा. भिकनबाबांचा चेहरा लाल झाला. माईक बाजूला सारून, गिऱ्हाइकावर चिडल्यासारखे ते माझ्यावर ओरडले, “अहो काय सर! बॅटरी गेलीय तुमची! एवढ्या गारठ्यात लाईट मारल्यावर बंद पडनारच ना! नवी टाका, चालंल!”

हसणं कुठल्या कुठे गेलं.

बाबांनी तोंड मिटलं. पण वाक्य अंगणात पोचलं होतं आणि माघारी बोलावता येत नव्हतं. पुंजानाना हळूहळू त्यांच्याकडे वळले. “तुला काय म्हाईत बॅटरीचं?”

“मी... मोबाईलच्या दुकानात व्हतो. आधी. एम. जी. रोडला. साधनेच्या आधी.”

“आन गोरक्षची?” हा आवाज बयाबाईंचा होता. फार बारीक. “माझ्या गोरक्षची बॅटरी?”

बयाबाई उठल्या. मी मध्ये पडायला हवं होतं, पण मला ते सुचलंच नाही. त्यांनी पहिली टोपली फेकली, गोरक्षचा फोन उचलला आणि स्वतः त्या पितळी ताटात ठेवला. फडकं बादलीत बुडवून स्वतः पिळलं आणि वर टाकलं. मंत्र त्यांना पाठ झाला होता. तो त्यांनी पुटपुटत, रडत, अर्धा चुकत पुरा केला. मग फोन उचलला, मनालीसमोर धरला, आणि अंगठा दाबला.

दिवा चमकला. पडदा काळा झाला.

सगळ्या गावासमोर तो फोन आईच्या हातात मेला.

“मी?” त्या म्हणाल्या. “मी मारला का? मी?” फोन दोन्ही हातांनी छातीशी दाबत त्या खाली बसल्या. बॅटरी, थंडी, दाब, जे मी सांगायला आलो होतो त्यातलं एक अक्षर मला आठवेना. मी एका बाईला तिनेच मांडलेल्या कौलात अडकवलं होतं आणि आता तो तिच्या गळ्याला लागला होता. चांगलं कारण माहीत असणं आणि ते वेळेवर तोंडातून बाहेर पडणं, यांत किती अंतर असतं ते मला त्या अंगणात कळलं.

निकिता पुढे आली. तिला कोणी बोलावलं नव्हतं. ती सासूसमोर बसली, त्यांच्या मुठीतून फोन सोडवून घेतला आणि आपल्या पदराआड, अंगाला लावून धरला. वर दोन्ही हात ठेवले. तशीच बसून राहिली. बऱ्याच वेळाने तिने फोन बाहेर काढला, बटण दाबलं. कंपनीचं नाव उमटलं. विझलं नाही. गोरक्षचा हसरा चेहरा आला, कडेवर मनाली.

फोन निकिताच्या हातात चालू होता.

तिने तो सासूपुढे धरला. “आई, तुम्ही नाय मारलं. गार पडला होता नुसता. बघा.”

बयाबाईंनी पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. “म्हंजी त्यो ह्यात नाय?”

“नाही, ताई.”

“थोडासुद्धा नाय?”

या प्रश्नाचं उत्तर मला द्यायचं नव्हतं. पण खोटं सांगायला तिथे एकजण आधीच होता. “फोटो आहेत. आवाज असेल. तो नाही.”

त्या मोठ्याने रडल्या नाहीत. निकिताच्या खांद्यावर डोकं टेकवलं आणि तशाच राहिल्या. एवढ्या दिवसांत त्या पहिल्यांदा पोरासाठी रडत होत्या, असं मला वाटलं.

नंतर थोडी झटापट झाली. पुंजानानांनी भिकनची मान धरली. “मारू नका,” मी म्हणालो, आणि या वेळी आवाज निघाला. “जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे. पोलिसात द्या. आणि आधी टोपल्या उचला. जुन्या बॅटऱ्या फुगतात, दिव्याशेजारी पेट घेतील. गोरक्षच्या फोनची पाठ बघा, वर आलीय.”

मग पुंजानानांना मी ओसरीवर बसून सांगितलं, त्यांच्याच बागेतल्या शब्दांत. टाकी अर्धी भरलेली आहे, पण ठिबकच्या नळीत क्षार बसलेत. थेंब थेंब मागाल तर मिळेल, धार मागाल तर नळी धापा टाकील. टक्के म्हणजे टाकी. फोन बंद पडतो तो नळीमुळे.

“आन ऊब दिली की?”

“नळी थोडी मोकळी होते. तेवढ्यापुरती.”

पुंजानाना रस्त्याकडे बघत म्हणाले, “त्या ट्रॉलीला मागं लाल दिवा नव्हता, सर. त्याचा कौल कुनी लावला नाय.”

कुसाबाईंनी नातवाचा फोन टोपलीखालून काढला. “नवी बॅटरी टाकली तर पोरगं जाईल का त्यातून?” त्यांनी विचारलं. मी म्हणालो, तो त्यात नाही, पण आधी फोटो दुसऱ्या फोनवर काढून घ्या. त्या मान हलवत राहिल्या. मला वाटतं, त्यांना माझं पटलं नाही. त्यांनी फोन नव्या खणात गुंडाळला, पोटाशी धरला आणि जीपमध्ये जाऊन बसल्या. माझ्याकडे त्यांना द्यायला भिकनच्या शब्दांइतकं उबदार काही नव्हतं, फक्त खरं होतं.

निकिताची पिशवी घरात गेली. भाऊ एकटाच परतला. पण एका अंगणाचं मन एका सकाळीत बदलत नाही. पुढच्या आठवड्यात पुंजानानांनी फोनवर सांगितलं की ती जेवत नाही, मनालीला जवळ घेत नाही. “फोनचं पटलं तिला. बाकीचं नाय पटत. तुमी काय सांगता का?”

तिने मला जे विचारलं होतं ते बॅटरीबद्दल नव्हतंच. मी कागद घेतला. मायना काय लिहावा याचा या वेळी विचार केला नाही.

‘निकिताताई,

तुमच्या हातात काय आहे, असं तुम्ही विचारलं होतं. उत्तराला उशीर झाला. थंडीच्या दिवसांत कुठल्याही माणसाच्या हातात असते तेवढी ऊब तुमच्या हातात आहे. दुसरं काही नाही. ते तुम्ही सगळ्यांसमोर दाखवलंत, मी नाही.

फोनवर भांडत होतात, असं तुम्ही म्हणालात. त्याला काही अर्थ नाही असं सांगून मी तुमची समजूत घालणार नाही. भांडणाने माणूस मरत नाही. चालत्या गाडीवर फोन कानाला लावल्याने मरू शकतो, आणि धुक्यात दिवा नसलेल्या ट्रॉलीने मरू शकतो. फोन तुम्ही केलात. गाडी न थांबवता तो उचलायचं गोरक्षने ठरवलं. दिवा न लावायचं तिसऱ्याच कोणी ठरवलं. हे तिन्ही वेगवेगळं मांडून पाहा, जसं आपण टोपली, ताट आणि फडकं वेगवेगळं मांडलं. सगळं एकाच्या माथी मारलं की कारण सापडल्यासारखं वाटतं, पण ते कारण नसतं. भिकनने तेच केलं. ते तुम्ही स्वतःशी करू नका.

यापुढे कोणी काही चमत्कार दाखवला, मग तो तुमच्यावर असो की दुसऱ्या कोणावर, तर एवढंच विचारा: हेच दुसऱ्याच्या हातात, दुसऱ्या वेळी, दुसऱ्या जागी करून दाखवाल का? जो नाही म्हणेल, त्याच्या हाती आपलं माणूस देऊ नका. मेलेलंही नाही, जिवंतही नाही.

मनालीला हे पत्र वाचता येईल तेव्हा तिलाही द्या. आज मात्र तिला जवळ घ्या.

जयराम’

वाचून पाहिलं. दोन ठिकाणी खोडावंसं वाटलं; खोडलं नाही. पाकीट चिकटवलं. पोस्टापर्यंत चालत गेलो. पेटीच्या फटीत पाकीट धरून थोडा वेळ उभा राहिलो. मागे एकजण उभा होता, तो म्हणाला, “आजोबा, टाकताय ना?”

“टाकतो,” मी म्हणालो, आणि टाकलं.